तळ्याचा गाळ, आईचा शाळू

सरकारचं नाव निघालं की माझं तोंड सुटतं. मी प्राथमिक शिक्षिका आहे, त्यामुळे कारणं पुष्कळ आहेत. मुलांना शिकवणं सोडून बाकी सगळी कामं आमच्या गळ्यात पडतात. सोलापुरात शुक्रवार पेठेत आमच्या गल्लीला पाणी आलं नाही की शेजारणी मलाच पुढे करतात, कारण फोनवर साहेबाला झापायची कला माझ्याकडे आहे, असं त्यांचं म्हणणं. अशा फटकळ बाईनं सरकारचे आभार मानायला बसावं म्हणजे जरा अतिच झालं. पण मानायचे आहेत, आणि मनापासून मानायचे आहेत.

माझं माहेर वळसंगच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून आत. रान सगळं माळावरचं. माळ म्हणजे वर बोटभर माती, तिच्या खाली मुरूम आणि मुरमाच्या खाली दगड. पाऊस पडला तरी पाणी थांबायचं नाव घेत नाही, उतारानं धावत ओढ्याला जाऊन मिळतं. त्यात हुलगा यायचा, मटकी यायची, बांधाकडेला तूर. बरं साल असलं तर बाजरी. सातबाऱ्यावर आमच्या निम्म्या रानापुढे ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, असं लिहिलेलं आहे. लहानपणी मला वाटायचं, सतत हुलग्याचं माडगं पिऊन पोट खराब होतं त्याचीच सरकारनं नोंद केलीय.

आई मंगळवेढ्याकडची, काळ्या रानातली. तिकडची माती म्हणजे एकदा पोटभर पाणी प्यायली की थंडीभर पुरवून पुरवून वापरते. नुसत्या त्या ओलीवर आणि गारठ्यावर शाळू उभा राहतो. शाळू म्हणजे थंडीतली ज्वारी. तिची भाकरी पांढरी, मऊ आणि दुसऱ्या दिवशीही गोड. अशा घरची मुलगी माळावर आली, कारण आजोबांनी जावई बघितला, जावयाचं रान बघितलं नाही. जावई तंबाखूसुद्धा खात नव्हता, एवढ्यावर ते खूश झाले. आण्णांबद्दल, म्हणजे माझ्या वडिलांबद्दल, आईची कधी तक्रार नव्हती. रानाबद्दल होती, पण ती बोलायची नाही.

दरवर्षी पौषात मामाचं बोलावणं यायचं. हुरड्याला या. हुरडा म्हणजे ज्वारीचं कणीस दुधात असताना शेणीच्या निखाऱ्यांच्या आगटीत भाजायचं, तळहातावर चोळायचं आणि ते हिरवे गरम दाणे शेंगाचटणीबरोबर खायचे. आमच्या भागात हुरड्याला बोलावणं म्हणजे मान असतो, आणि मान एकाच बाजूनं घेत राहायचा नसतो. आज तुमच्या रानात, तर पुढे कधीतरी आमच्या. आईला हे परतीचं बोलावणं कधीच करता आलं नाही. हुलग्याचा हुरडा होत नाही. ती मामाच्या आगटीपाशी बसून पोटभर खायची, हसायची, वहिनीला कणसं चोळून द्यायची. येताना गाडीत मात्र गप्प असायची. मामानं सुनेला सांगून गाडीत ठेवलेलं ज्वारीचं पोतं आमच्या पायापाशी असायचं.

मामा आईपेक्षा मोठा. अलीकडे त्याचे गुडघे फार दुखायला लागले. एका पौषात आगटीपाशी बसताना त्याला दोघांनी धरावं लागलं. तेव्हा तो सहज म्हणाला, “फुडच्या वर्सी मला रानापातूर येनं हुतंय का न्हाय, कुनास ठावं.” सगळे हसले, त्याची थट्टा केली. आई हसली नाही. घरी आल्यावर भाकरी थापता थापता ती मला म्हणाली, “एकदा तरी दादाला माज्या दारात हुरडा खायाला बलवायचा हुता गं. ऱ्हायलंच.”

तिनं मागितलेली मी ऐकलेली ही एकच गोष्ट. लुगडं नाही, डोरलं नाही, काशी नाही. मला तिचा रागच आला. आता दगडातून ज्वारी मी कुठून काढून देऊ?

त्याच उन्हाळ्यात गावात गाळाची योजना आली. गावाबाहेरचं तळं वर्षानुवर्षं गाळानं भरलेलं होतं. मे महिन्यात त्याचा तळ उघडा पडतो, भेगाळतो. सरकार यंत्र लावून तो गाळ उपसून देणार आणि ज्यांची रानं हलकी आहेत त्यांनी तो न्यायचा. आमच्यासारख्या लहान शेतकऱ्यांना वाहतुकीलाही मदत. मात्र अट अशी की पावसाआधी गाळ रानात नीट पसरून झाला पाहिजे आणि पसरल्याचा फोटो निघाला पाहिजे. नुसते ढीग मारून ठेवलेले चालणार नाहीत.

आण्णांना फुकट मिळणाऱ्या कुठल्याही गोष्टीचा संशय येतो. “सरकार देतंय म्हंजी कायतरी खोट आसनार,” ते म्हणाले. वर “सरकारी काम अन् सहा महिने थांब” ही म्हणही ऐकवली, जणू ती आम्हाला ठाऊक नव्हती. पण आईनं ग्रामसभेतून आलेल्या शेजारणीकडून सगळं नीट विचारून घेतलं होतं. ती चुलीपासून न उठता एवढंच म्हणाली, “नाव द्या.” आण्णांनी दुसऱ्या दिवशी नाव दिलं.

मग कृषी खात्याच्या मॅडम आल्या. अंगानं किरकोळ, स्कूटीवर, उन्हानं तोंडाला ओढणी अशी गुंडाळलेली की आमचा कुत्रा त्यांना दरोडेखोर समजला. ओढणी सोडली तर आत माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची मुलगी, आणि तिला सारख्या शिंका येत होत्या. तिनं रान फिरून पाहिलं, उतार पाहिला, वरचा बांध कुठे फुटलाय ते आण्णांना दाखवलं. गाळाआधीचा फोटो हवा म्हणून त्यांना माळावर उभं केलं. तो फोटो पुढे मी पाहिला. हरवलेल्या माणसाच्या जाहिरातीत असतात तसे आण्णा त्यात दिसतात.

आईनं तिला चहा दिला आणि एकच प्रश्न विचारला. “शाळू येईल का वो हितं?”

मला वाटलं, ही आता ‘हो हो, नक्की’ म्हणणार आणि पुढच्या गावाला जाणार. तिनं कप खाली ठेवला. म्हणाली, “काकू, गाळ मुरमात नीट मिसळला, बांध धरला आणि पाऊस बरा झाला, तर येईल. पण पहिल्या वर्षी कणीस लहान राहील. मंगळवेढ्यासारखं होईल असं मी नाही म्हणणार.”

ती गेल्यावर आई म्हणाली, “पोरगी खोटं बोलली न्हाय.” त्या दिवसापासून मॅडमचा शब्द आमच्या घरात आण्णांच्या शब्दापेक्षा वर गेला.

शाळेला सुट्टी होती म्हणून मी माहेरीच होते. तळ्यात यंत्र घरघरायला लागलं आणि ट्रॅक्टरच्या खेपा सुरू झाल्या. आमच्या खेपा ज्याच्या ट्रॅक्टरनं आल्या तो गावातलाच मुसलमान ट्रॅक्टरवाला. घरात दखनी, गावात आमच्यासारखीच मराठी, आणि घाईत असला की दोन्हींची मिसळ. तो आण्णांना काका म्हणायचा, आईला मावशी. तांबूस माळावर काळ्या गाळाचे ढीग ओळीनं पडायला लागले. आई रोज संध्याकाळी जाऊन त्यांच्याकडे नुसती बघत उभी राहायची. एकदा तिनं गाळाचा डिखळा उचलला, फोडला आणि वास घेतला. मी हसले तर म्हणाली, “तुला काय कळतंय? तुमी खडूत हात घालनारी मानसं.”

ढीग मारून झाले. आता ट्रॅक्टरला फळी लावून ते पसरायचे, की काम संपलं. ट्रॅक्टरवाल्यानं पहिल्या ढिगाला फळी लावली, ट्रॅक्टर थोडा पुढे नेला आणि अचानक थांबवला. खाली उतरला. आण्णांना हाक मारली. आवाज वेगळाच होता, म्हणून मीही धावले.

गाळातून एक हात वर आलेला होता. गुलाबी रंगाचा, तळव्यावर कुंकवाचं स्वस्तिक असलेला, आशीर्वाद देणारा हात.

साधी गोष्ट होती, पण आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात ती आली नव्हती. त्याच तळ्यात सगळा गाव गणपती बुडवतो. घरचे शाडूचे विरघळून जातात, पण तालमी-मंडळांचे मोठे गणपती प्लास्टरचे, ते कुठे विरघळायला? वर्षानुवर्षं तळाशी बसले होते. सरकारी यंत्रानं गाळाबरोबर त्यांनाही उचललं, आणि आमच्या रानात आणून ओतलं.

ट्रॅक्टरवाल्यानं हात वाकून पाहिला. मग त्याच्या तोंडावर एकदम ओळख उमटली. “अरे, ये तो आपल्या तालमीचाच है की!” तो म्हणाला. “काका, मीच न्हेला हुता ह्याला बुडवायला. उतरवताना ह्याचा हात मोडला हुता बगा, लई बोलनी खाल्ली हुती मी.” गावच्या विसर्जनाच्या मिरवणुकीत दरवर्षी त्याचाच ट्रॅक्टर असतो.

मग बाकीच्या ढिगांतही दिसायला लागलं. कुठे सोंडेचा तुकडा, कुठे मुकुट, कुठे मोदक धरलेली चार बोटं. एक उंदीर तर जवळजवळ अख्खा होता. आण्णांनी चप्पल काढली आणि बांधावर जाऊन उभे राहिले.

“ह्याच्यावर फळी फिरवायची न्हाय,” ते म्हणाले.

“फिरवतच न्हाय,” ट्रॅक्टरवाला म्हणाला. “माजा हात धजत न्हाय, काका. आन् उद्या कुनी बोललं, ह्यानं देवावर ट्रॅक्टर घातला म्हनून, तर मी कुनाकुनाला सांगत बसू?” त्याचंही खरं होतं.

घोडं अडलं ते तिथेच. आण्णांचं म्हणणं असं की गाळ रानात पसरला म्हणजे त्यावर नांगर चालणार, शेणखत पडणार. “शेरडं जाऊन मुततील त्याच्यावर,” ते म्हणाले. पारावरच्या म्हाताऱ्यांनी सल्ले दिले. एक म्हणाला, सगळा गाळ परत तळ्यात टाका. दुसरा म्हणाला, विहिरीत सोडा. आण्णांनी स्वतःचाच मार्ग काढला. वाळूची चाळण आणली आणि ढीग चाळायला बसले. टोपलंभर गाळ टाकायचा, चाळायचा, तुकडे बाजूला ठेवायचे. ढीग माणसाच्या उंचीचे आणि चाळणारा माणूस सत्तरीचा. ओला गाळ चाळणीतून खाली पडतही नव्हता.

मी भडकले. तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, आण्णा, रोहिणी नक्षत्र तोंडावर आलंय, वळवाची एक सर आली तर हे ढीग वाहून ओढ्यात जातील, मग तिथून गोळा करा देव. त्यांनी मान वर केली नाही. आकाशात रोज दुपारनंतर ढग भरून यायचे. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण या लग्नात खुद्द विघ्नहर्ताच आडवा पडला होता.

मॅडमना फोन केला. त्या आल्या, शिंकल्या, सगळं पाहिलं आणि डोक्याला हात लावला. मग मोबाईल काढून त्यातला फॉर्म उघडला. “काका, माझ्याकडे गाळात काय निघालं ते भरायची सोय आहे. दगड, प्लास्टिक आणि इतर. याला ‘इतर’मध्ये टाकू का?”

“गनपती ‘इतर’मदी?” आण्णा चाळण टाकून उठले.

ती बिचारी घाबरली. पण पळाली नाही. बांधावर बसली, पाणी प्यायली आणि शांतपणे सांगितलं की मोठे तुकडे तसेही काढायलाच हवेत, प्लास्टरचा जमिनीला काही उपयोग नाही. पण सगळा गाळ चाळून होणार नाही, पाऊस थांबणार नाही. फोटो काढायला ती रविवारीसुद्धा येईल, पण गाळ पसरलेला पाहिजे. नाहीतर तिला आमचं काम अपुरं म्हणून कळवावं लागेल, आणि खोटं ती लिहिणार नाही. मला तेव्हा ती कडू वाटली. आज वाटतं, तिनं तेव्हा डोळेझाक केली असती तर आम्ही ढीग तसेच ठेवले असते आणि पावसानं ते नेले असते.

ती गेली. आई इतके दिवस काही बोलली नव्हती. ती चुलीपाशी असायची, आण्णांना रानात भाकरी नेऊन द्यायची, चाळलेल्या गाळाची चिमूटभर ढिगली बघून परत यायची. त्या दिवशी भाकरी दिल्यावर ती परत फिरली नाही. चाळणीसमोर बसली.

“अवो,” ती म्हणाली, “बुडवताना तुमी काय वरडता?”

“काय?” आण्णांना कळलं नाही.

“तळ्याच्या काठाला उभं ऱ्हाऊन. दरसाल. काय म्हनता देवाला?”

ट्रॅक्टरवाला बांधावर बिडी ओढत बसला होता, त्यानं हळूच सांगितलं, “पुढच्या वर्षी लवकर या.”

“मग?” आई म्हणाली. “आला न्हवं का त्यो? बलवलं तुमीच. लवकर न्हाय आला, उशिरा आला. पर आला त्यो कुनाच्या घरी? पाटलाच्या रानात न्हाय गेला. माळावर आला. आन् तुमी त्याला चाळून भाईर काडताय व्हय?”

आण्णा हातातल्या गाळाकडे बघत राहिले.

“शेरडाचं काय मग?” शेवटी ते पुटपुटले.

“शेरडं त्येचीच हायती,” आई म्हणाली आणि उठली. तिनं टोपलं भरलं, डोक्यावर घेतलं आणि मुरमावर जाऊन ओतलं. वाकून दोन्ही हातांनी पसरलं, अंगण सारवतात तसं. तोंडानं “मोरया” म्हणाली, मोठ्यानं नाही, आपल्यापुरतं. मग दुसरं टोपलं भरायला आली. इतके दिवस आरडाओरडा करून मला जे जमलं नव्हतं ते तिनं न ओरडता केलं होतं, आणि मला तिचा फार अभिमान वाटला.

आण्णांनी चाळण उपडी ठेवली. आम्ही सगळ्यांनी मिळून वरवर दिसणारे मोठे तुकडे तेवढे वेचले आणि कडुलिंबाच्या झाडाखाली, जिथे कुणाचा पाय पडत नाही अशा जागी, खड्डा काढून ठेवले. राहिला प्रश्न ट्रॅक्टरचा.

“भाऊ, चालव आता,” आई त्याला म्हणाली. “कुनी बोललं तर माजं नाव सांग.”

त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. “मावशी, तुमी वर बसा मग. तुमी बसलाव तर मी चालवतो.”

आई जन्मात ट्रॅक्टरवर बसली नव्हती. तिला दोघांनी चढवलं. चाकाच्या पत्र्यावर ती पदर खोचून बसली, एका हातानं पत्रा आणि दुसऱ्या हातानं त्याचा खांदा घट्ट धरून. तिला वर बसवून तो काळा गाळ रानभर पसरत गेला. आण्णा पुढे पुढे चालत होते, काही तुकडा दिसला तर उचलत. मी मागे. मिरवणुकीत असतो तोच ट्रॅक्टर आणि तोच चालवणारा. फक्त गुलाल नव्हता आणि ढोल नव्हते. दिवस मावळायच्या आत सगळे ढीग मोडले.

रविवारी मॅडम खरंच आल्या. फोटो काढला, फळीतून राहिलेला उंचवटा दाखवला, वरचा बांध बांधून घ्यायला लावला. फॉर्ममध्ये ‘इतर’ रिकामं ठेवलं. आण्णांनी मुद्दाम विचारून खात्री करून घेतली. नंतर पाऊस आला तेव्हा आम्ही दारातून बघत होतो. पाणी रानात उतरलं आणि पहिल्यांदाच ओढ्याकडे न धावता तिथेच थांबलं. आई आत गेली आणि देवापुढे साखर ठेवली.

त्या वर्षी दसऱ्याच्या आगेमागे शाळू पेरला. कडेनं चार ओळी गूळभेंडीच्या, म्हणजे खास हुरड्याच्या गोड ज्वारीच्या. सोलापूरहून एसटीनं जाताना मला खिडकीतून आमचं रान ओळखू यायला लागलं. सगळ्या तांबड्या माळावर तो एकच काळपट तुकडा, जुन्या घोंगडीला नवं ठिगळ लावावं तसा, आणि पुढे पुढे त्यावर हिरवा रंग. मॅडमनं सांगितलं होतं तशीच कणसं आली, लहान. पण दाणा भरला.

हुरडा तयार झाल्यावर मला वाटलं, आता मामाला फोन. आई म्हणाली, “आदी मॅडमला. मग दादाला.”

मी कटकट केली. पण आईपुढे काही चाललं नाही. पहाटे कणसं भाजून, चोळून, फडक्यात बांधून आणि त्यावर घोंगडीचा तुकडा गुंडाळून ती माझ्याबरोबर सोलापूरला आली. सात रस्ता चौकाजवळच्या त्या सरकारी कार्यालयात आम्ही पोचलो तर कळलं, मॅडमची बदली झालीय, दुसऱ्या तालुक्याला. आई दारातच उभी राहिली. तिच्या तोंडाकडे बघवेना.

एका टेबलामागच्या साहेबांनी मान वर केली. गावाकडचं म्हातारं माणूस, हातात गाठोडं, बरोबर माझ्यासारखी भांडखोर दिसणारी बाई. त्यांनी सवयीनं एक कोरा कागद पुढे सरकवला. “बसा आजी. काय तक्रार आहे?”

“तक्रार न्हाय,” आई म्हणाली. “हुरडा हाय.”

साहेबांना काही समजेना. आईनं सगळं सांगितलं; माळ, गाळ, मॅडम. गणपतीचं तेवढं गाळलं, सरकारी कचेरीत देवाचं कशाला म्हणून. मग म्हणाली, “सरकारनं माती दिली. सरकार कुटं ऱ्हातं मला ठावं न्हाय. तुमीच घ्या.” खोलीतली सगळी माणसं आमच्याकडे बघायला लागली. तिथं रोज माणसं येतात ती ओरडायला, रडायला नाहीतर विनवायला. आभार मानायला आलेल्या माणसाचं काय करायचं, ते त्यांना कुणी शिकवलेलं नसावं. साहेब उठून उभे राहिले, हात धुवून आले आणि टेबलावरच्या फायली बाजूला करून त्यांनी गाठोडं सोडलं. थंड झाला होता हुरडा, पण शेंगाचटणीबरोबर सगळ्यांनी खाल्ला. त्यांनी मॅडमना फोन लावून आईच्या कानाला दिला. पलीकडून आधी शिंक आली, मग “काकू?” अशी हाक. मी आजवर सरकारला दिलेल्या शिव्यांपैकी काही त्या टेबलापाशी परत घेतल्या. सगळ्या नाही.

नंतरच्या आठवड्यात मामा आला. गाडी बांधापर्यंत आणली, तिथून त्याला आम्ही हाताला धरून आणलं. मंगळवेढ्याचा माणूस, काळ्या मातीत जन्म गेलेला. त्याला फसवणं शक्य नाही. त्यानं काठीनं जमीन टोकरली. ढेकूळ उचलून बोटांनी चुरगाळलं. कणीस हातात घेऊन तोललं. आई आगटीपाशी बसून त्याच्याकडे बघत होती, परीक्षेला बसलेल्या पोरासारखी.

“बारीक हाय कनीस,” मामा म्हणाला.

“बारीकच हाय,” आई म्हणाली.

तो तिच्या शेजारी बसला. तिनं आगटीतून कणीस काढलं, तळहातावर चोळलं, फुंकर मारून कोंडा उडवला आणि गरम दाणे त्याच्या ओंजळीत दिले. त्यानं खाल्ले. पुन्हा ओंजळ पुढे केली. तिनं पुन्हा दिले. किती तरी वेळ तो नुसता खात होता आणि ती चोळून देत होती.

मग मामा थट्टेनं म्हणाला, “बाई, गोड हाय गं. कुनाच्या रानातला आनलास?”

या घरात आल्यापासून आई त्या जमिनीला ‘ह्यांचं रान’ म्हणायची. ह्यांच्या रानात जाते, ह्यांच्या रानात पाऊस न्हाय. आम्हाला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं, कारण बायका तसंच म्हणतात.

“माज्या,” आई म्हणाली. “माज्या रानातला हाय, दादा. खा.”

मी रडले. धुराचं निमित्तही केलं नाही. आण्णा समोरच बसले होते. त्यांनी आईकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं, आणि वाकून आणखी दोन कणसं निखाऱ्यात सारली.